आईच्या चेहऱ्यावरच्या चामखिळी लेझरने काढायच्या आहेत, इंदूरात कुणी केलंय का?

माळव्याची_लेक (९ नोव्हेंबर)

नमस्कार सगळ्यांना. विचारीन विचारीन म्हणत दोन महिने गेले, आज लिहितेच. आई ६३ वर्षांची आहे, आम्ही सुदामा नगरला राहतो. तिच्या दोन्ही गालांवर आणि डोळ्यांखाली बारीक काळ्या चामखिळी आहेत, काही मोहरीएवढ्या, काही मसुरीएवढ्या. आजीला पण अगदी अशाच होत्या. गेल्या पाच-सात वर्षांत खूपच वाढल्या, आता मोजल्या तर पस्तीस-चाळीस तरी भरतील. मानेवर आहेत त्या वेगळ्या, देठाला लोंबल्यासारख्या, तशा मलाही आहेत (मी ३८ ची), माझी एक तर मंगळसूत्राच्या पोतीत अडकते आणि रात्री कूस बदलली की अशी ओढली जाते की दचकून जाग येते.

भावाचं लग्न २० फेब्रुवारीला आहे. आई परवा आरशासमोर उभी राहून म्हणाली, फोटोत मी अशीच दिसणार का गं. तिने जन्मात स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही, म्हणून मला हे करायचंच आहे.

दोन ठिकाणी चौकशी केली. एका पार्लरवाल्या बाई म्हणाल्या एका मस्स्याचे २०० रुपये, एकाच बैठकीत सगळे उडवून देते. दुसरीकडे एका लेझर सेंटरवर पूर्ण चेहऱ्याचं पॅकेज १२ हजार सांगितलं, तिथे डॉक्टर भेटलेच नाहीत, काउंटरवरच्या मुलीने मोबाईलवर फोटो काढला आणि म्हणाली सब हो जाएगा आंटी. आईला ९ वर्षांपासून शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. मला विचारायचंय की दुखतं का, डाग राहतात का, परत येतात का, आणि इतका खर्च करण्यासारखं आहे का.

आणि हो, नाकाच्या डाव्या बाजूला एक आहे ती बाकीच्यांपेक्षा जरा वेगळी दिसते, चकचकीत काळी, टॉवेलने तोंड पुसताना दोनदा रक्त आलं, ती पण सोबतच काढून टाकू म्हणतोय.

रामबागवाला

ताई, मी मागच्या डिसेंबरात काढून घेतल्या, मानेवरच्या अकरा आणि पापणीजवळची एक, तर माझ्यावर जे झालं ते सांगतो. आधी बधीर करायचं मलम लावतात, लिग्नोकेन-प्रायलोकेनचं, वरून प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवतात आणि पाऊण-एक तास बसवून ठेवतात. ज्यांनी मला सांगितलं की जाम दुखलं त्यांना विचारलं तर कळलं की वीस मिनिटांतच सुरू केलं होतं, तेव्हा तो तास भरू द्यायचा, घाई करू नका म्हणून सरळ सांगायचं. पापणीजवळची होती म्हणून डोळ्यात थेंब टाकून आत धातूची छोटी वाटीसारखी शिल्ड बसवली, ते जरा विचित्र वाटलं पण दुखलं नाही. यंत्राचं टोक पेनासारखं हातात धरतात, कातडीवर लाल ठिपका दिसतो तो फक्त नेम धरायला, खरा किरण डोळ्याला दिसतच नाही. टक-टक आवाज येतो, केस जळल्यासारखा वास येतो, आणि असिस्टंट मुलगी शेजारी धूर ओढायची नळी धरून उभी असते. मग ओल्या गॉजने पुसतात, पांढरी पडलेली राख निघते, खाली गुलाबी दिसलं की थांबतात, नाही तर आणखी एक हलकी फेरी. एका चामखिळीला अर्धं मिनिटही लागलं नाही.

मी इंजिनिअर माणूस आहे म्हणून मशीनबद्दल वाचून गेलो होतो. हा कार्बन डायऑक्साइड लेझर, सगळे सीओटू म्हणतात तो, कुमार पटेल यांनी १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये शोधला. माणूस बारामतीत जन्मलेला, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला, मला तर हे वाचून फार अभिमान वाटला. त्याच्या किरणाची लांबी १०,६०० नॅनोमीटर, आणि ती लांबी पाणी पटकन शोषून घेतं. कातडीच्या पेशींत पाणीच पाणी, ते क्षणात उकळून वाफ होतं आणि तेवढा थर उडून जातो, आजूबाजूला फार धग लागत नाही. पण किती खोल जायचं हे करणाऱ्याच्या हातात आहे. एक फेरी जास्त झाली की चामखिळीच्या जागी खड्डा, तो आयुष्यभराचा. म्हणून मशीन कुठलं आहे याच्याआधी ते कोण चालवणार आहे ते विचारा.

माझ्या डॉक्टरांनी आधी प्रत्येक चामखीळ उजेडाच्या भिंगातून बघितली होती. नाकावरची तशी नीट दाखवल्याशिवाय कुणाला हात लावू देऊ नका.

उज्जैनहून

इतका पैसा कशाला घालवता ताई. आमच्या आजी मानेवरच्या चामखिळीला घोड्याचा केस घट्ट बांधायच्या, आठ दिवसांत सुकून गळून पडायची. गालावरच्या बारीक असतील तर चुना आणि धुण्याचा सोडा एकत्र करून काडीने टेकवायचा, आमच्या गल्लीत किती जणांनी केलंय.

छत्रीबागची

चुना-सोडा अजिबात नको, हात जोडून सांगते. माझ्या बहिणीने कॉलेजात असताना गालावरच्या तिळाला हाच लावला होता, शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून. रात्रभर आग आग, तिने आईला सांगितलं पण नाही, उशीत तोंड खुपसून रडली, सकाळी काळी कडक खपली, ती पडली तर खाली मटारच्या दाण्याएवढा खड्डा. याला २२ वर्षं झाली, खड्डा आहे तिथेच आहे आणि भोवती काळी कड. तिचं लग्न जमवताना बघायला आलेल्या प्रत्येक बाईने विचारलं हे काय झालंय. नंतर एका डॉक्टरांनी समजावलं की आम्लाने भाजलं तर वर पापुद्रा धरतो आणि तिथेच अडतं, पण चुना, सोडा हे क्षार आहेत, ते कातडी विरघळवत आत आत जातात, आपल्याला वरून कळत पण नाही किती खोल गेलं ते. चेहऱ्यावर तर नकोच नको.

केस बांधण्याचं म्हणाल तर बारीक देठाच्या चामखिळी खरंच गळतात, पण यांच्या आईला शुगर आहे, तिथे पू झाला तर दोनशे रुपये वाचवायला गेलो आणि ॲडमिट व्हावं लागलं असं व्हायचं.

देवास_नाका

माळव्याची_लेक ताई, तुमची पोस्ट वाचून हात थरथरले. ती शेवटची ओळ, नाकाजवळची, चकचकीत काळी, टॉवेलने रक्त, हे शब्द आमच्या घरात अगदी असेच्या असे बोलले गेले आहेत. सासऱ्यांना (तेव्हा ६८) नाकाच्या शेजारी असाच मस होता. एका ठिकाणी, नाव लिहीत नाही, लेझरने जाळून टाकला, दहा मिनिटांत काम झालं, आम्ही खूश. सहा महिन्यांनी तिथेच परत आला. पुन्हा तिथेच जाळला, ते म्हणाले मुळापासून राहिला असेल. तिसऱ्यांदा मस आला नाही, जखमच भरेना, खपली धरायची, पडायची, परत ओलं. तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी बघताक्षणी तुकडा काढून लॅबला पाठवला. बेसल सेल कार्सिनोमा, म्हणजे कातडीचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले हा फार हळू वाढतो, दुसरीकडे सहसा पसरत नाही, घाबरू नका, आपल्या रंगाच्या लोकांत हा बरेचदा काळाच असतो म्हणून तिळासारखा वाटतो. पण दोनदा जाळल्यामुळे वरून व्रण आणि खाली ते, कुठपर्यंत गेलंय ते कळायला मार्ग राहिला नव्हता, म्हणून जास्त कातडी काढावी लागली आणि शेजारच्या गालाची कातडी फिरवून टाके घालावे लागले.

आता ते छान आहेत, चार वर्षं झाली, दर सहा महिन्यांनी दाखवून येतो. मला अजूनही राग येतो तो एकाच गोष्टीचा, पहिल्या दिवशी कुणीतरी नीट बघायला हवं होतं. तुमच्या आईचं तसंच असेल असं मी म्हणत नाही, बहुतेक साधंच निघेल. पण उद्याच दाखवा.

त्वचा_ओपीडी

मी त्वचारोग विभागात काम करते. न बघता निदान सांगणार नाही, पण तुमच्या पोस्टमध्ये तीन वेगळ्या गोष्टी एका शब्दात बांधल्या गेल्या आहेत त्या सोडवून सांगते.

गालावरच्या बारीक काळ्या, आजीला आईला दोघींना, वयाबरोबर वाढणाऱ्या, यांना आम्ही डीपीएन म्हणतो. घराण्यात चालत येतात, सावळ्या कातडीत जास्त, बायकांमध्ये जास्त, आणि पूर्ण निरुपद्रवी. नाही काढल्या तरी चालतात, काढायच्या त्या दिसण्यासाठी. मानेवरच्या लोंबत्या म्हणजे स्किन टॅग, त्याही निरुपद्रवी, पण त्या वजन आणि इन्सुलिनच्या गडबडीबरोबर जास्त दिसतात, म्हणून तुम्ही स्वतःची शुगर तपासली नसेल तर या निमित्ताने तपासून घ्या, विशेषतः मानेची कातडी काळपट जाड झाली असेल तर. (हातापायाला खरखरीत येतात त्या विषाणूच्या, त्या तुम्ही लिहिल्या नाहीत म्हणून सोडून देते. एवढंच की त्या लेझरने जाळताना निघणाऱ्या धुरातही विषाणूचे अंश सापडतात, म्हणून खोलीत सगळ्यांना मास्क आणि धूर ओढणारी नळी हवीच.)

तिसरी गोष्ट नाकावरची. देवास_नाका ताईंनी लिहिलंय ते अक्षरशः खरं आहे. लेझरने गाठीची वाफ होते, लॅबला पाठवायला हातात काही उरतच नाही. जिथे शंका असेल तिथे लेझर नाही, तिथे सुन्न करायचं छोटं इंजेक्शन देऊन तुकडा कापून काढायचा आणि बाटलीत घालून तपासायला पाठवायचा. शंका कशाची घ्यायची तर दोन अर्धी एकमेकांसारखी नसतील, कड वेडीवाकडी, रंग दोन-तीन, आकार ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, म्हणजे पेन्सिलच्या मागच्या रबरापेक्षा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बदलत असेल, वाढत असेल, आपोआप रक्त येत असेल, भरत नसेल.

आता लेझरबद्दल. लेझर ही एक वस्तू नाही. केस काढायचा वेगळा, गोंदण काढायचा वेगळा, चामखीळ उडवायचा सीओटू किंवा अर्बियम वेगळा. कुणी केस काढायच्या मशीनने तीळ काढून देतो म्हणालं तर तिथून उठून या. आणि डीपीएनसाठी लेझरच लागतो असंही नाही, बारीक सुईच्या रेडिओफ्रिक्वेन्सीने, ज्याला लोक आरएफ कॉटरी म्हणतात, नीट हाताने केलं तर तितकंच चांगलं होतं आणि स्वस्त पडतं. बर्फाने म्हणजे लिक्विड नायट्रोजनने मात्र सावळ्या चेहऱ्यावर पांढरे डाग राहू शकतात, मी स्वतः चेहऱ्याला ते टाळते.

आपल्या कातडीची खरी अडचण जखम नाही, तिच्यामागून येणारा काळा डाग आहे. रंग तयार करणाऱ्या पेशी भाजल्या, खाजवल्या, उन्हात गेल्या की जास्त रंग टाकतात. म्हणून सुज्ञ डॉक्टर थोडं कमी जाळतात, उरलं तर पुढच्या वेळी. आधी कानाजवळच्या दोन करून बघा, पाच-सहा आठवडे थांबा, डाग न उठता भरलं तरच बाकीच्या. तुमच्याकडे फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे, तो वापरा. आईला रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, किंवा पूर्वी कुठल्या जखमेवर फुगीर व्रण आला असेल तर ते सांगायला विसरू नका. शुगरमुळे करता येत नाही असं नाही, फक्त रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) आधी बघतात.

एमवाय या इंदूरच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये त्वचेची ओपीडी आहे, गर्दी असते, सकाळी लवकर जाऊन पर्ची काढा. प्रायव्हेटमध्ये गेलात तर त्वचेत एमडी किंवा डिप्लोमा आहे का ते पाटीवर बघा आणि विचारा की मशीन तुम्ही स्वतः धरणार का.

माळव्याची_लेक (१० नोव्हेंबर)

रात्रभर झोप नाही लागली पण तुम्हा सगळ्यांचे खूप आभार. मी खरंच ती ओळ सहज म्हणून लिहिली होती. आईला अजून काही बोलले नाही, चेकअपला जाऊ एवढंच सांगितलंय.

छत्रीबागची

ताई, बरं केलंत. एक बारीक गोष्ट, आपण सगळ्या स्कुटीवर तोंडाला दुपट्टा गुंडाळून फिरतो ना, तो खपल्यांवर घासतो आणि खपली ओढून काढतो. माझ्या नणंदेचं तसंच झालं, तीन ठिकाणी काळं राहिलं, जायला सहा महिने लागले. ते आठ-दहा दिवस आईला रिक्षाने न्या नाहीतर हेल्मेटची काच लावून, उन्हापासून छत्री.

रामबागवाला

आणि रंगपंचमीचा हिशोब धरा. राजवाड्याच्या गेरेत, म्हणजे रंगपंचमीच्या मिरवणुकीत, दरवर्षी जाणारा मी, यंदा लांबूनच बघितली, डॉक्टरांनी सांगितलं होतं की नव्या कातडीला रंगातली रसायनं नकोत. तुमचं जानेवारीत उरकलं तरी मार्चमध्ये जपा.

माळव्याची_लेक (६ डिसेंबर)

अपडेट द्यायला उशीर झाला. त्वचेच्या डॉक्टर बाईंना दाखवलं, त्यांनी नाकावरची भिंगातून बराच वेळ बघितली, फोटो काढला, आणि म्हणाल्या साधी असावी असं वाटतंय पण रक्त आलंय म्हणून मी अंदाजावर सोडणार नाही. तिथेच इंजेक्शन देऊन काढली, आई म्हणाली मुंगी चावल्यासारखं, बस. छोट्या बाटलीत घालून नाव लिहून चिठ्ठी चिकटवली तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. रिपोर्टला नऊ दिवस लागले. ते नऊ दिवस मी कसे काढले मलाच माहीत, आई मात्र केळवणाची यादी करत बसली होती.

रिपोर्ट चांगला आला! सेबोरिक केराटोसिस, इरिटेटेड असं लिहिलंय, म्हणजे वयाची साधी वाढ होती आणि टॉवेलने सारखी घासून चिडली होती. तो कागद मी रिक्षात तीनदा वाचला. देवास_नाका ताई, तुम्ही तुमच्या घरातलं दुखणं इथे लिहिलंत म्हणून आम्ही गेलो, नाहीतर आम्ही ती पार्लरमध्ये उडवून मोकळे झालो असतो आणि काय होतं ते कधीच कळलं नसतं.

आईची तीन महिन्यांची सरासरी ७.४ आली, डॉक्टर म्हणाल्या चालेल. आणि माझी पण तपासली, ६.१, म्हणजे शुगर नाही पण उंबरठ्यावर. मला काहीच त्रास नव्हता, कल्पनाच नव्हती. रोज सकाळी जलेबीबरोबर पोहे हा माझा नेम, आता नुसते पोहे, आणि संध्याकाळी आईबरोबर कॉलनीत चार चकरा.

आज कानाजवळच्या दोन करून आलो. लेझर नाही, आरएफने, बाई म्हणाल्या या बारक्या चामखिळींना मी हेच वापरते, १२ हजारांची गरज नाही. माझ्या मानेवरच्या पण केल्या, मंगळसूत्रवाली सगळ्यात आधी.

त्वचा_ओपीडी

फार बरं वाटलं वाचून. रिपोर्ट फाईलमध्ये जपून ठेवा. खपल्या स्वतःहून पडू द्यायच्या, चेहऱ्यावर सात ते दहा दिवस लागतात, मानेवर जरा जास्त. दिवसातून दोनदा साध्या पाण्याने हलकं धुवायचं, टिपून घ्यायचं, व्हॅसलीन किंवा दिलेलं मलम, कोरडं पडू द्यायचं नाही. खपल्या पडल्या की दुसऱ्या दिवसापासून एसपीएफ ३० किंवा वरचं सनस्क्रीन, घरात असलं तरी, दर तीन तासांनी. खाज येईल, नखं कापून ठेवा.

माळव्याची_लेक (१७ जानेवारी)

पाच आठवड्यांनी कानाजवळ बघितलं तर डाग नाही, फिकट गुलाबी, तोही जवळून बघितला तर. मग १० तारखेला बाकीच्या सगळ्या केल्या, ४१ निघाल्या! मलम लावून पूर्ण तास बसवलं, काम २५ मिनिटांत झालं. पहिल्या दोन दिवशी चेहरा असा दिसत होता की बाबा म्हणाले तीळगूळ उधळलाय का तुझ्यावर, संक्रांत जवळच होती ना. हळदीकुंकवाला आई गेलीच नाही, मी गेले वाण घेऊन. आज सातवा दिवस, निम्म्या खपल्या उशीवर मिळाल्या, खालून गुलाबी कातडी. बाईंनी सांगितलंय पुढच्या काही वर्षांत नव्या येतील, त्या तिच्या कातडीतच आहेत, जुन्या मात्र त्या जागी सहसा परत येत नाहीत.

एकच प्रश्न उरला. १८ फेब्रुवारीला हळद आहे. तिला गालाला लावू द्यायची का? ती ऐकणार नाही, वरमाय आहे.

त्वचा_ओपीडी

तोपर्यंत साडेपाच आठवडे होतील, कातडी भरलेली असेल, बोटाने टिळा लावू द्या, घरी दळलेली हळद आणि दूध. बाजारचं सुगंधी उटणं नको आणि गालावर चोळणं नको. बाकी हाता-पायाला हवी तेवढी लावा.

देवास_नाका

आणि लग्नात आईचा एक फोटो काढा, जवळून.